अंगावर खूण नाही, म्हणून करणी?

पूर्व विदर्भातल्या खेड्यांत चेटकिणीची गोष्ट थोड्याफार फरकाने गावोगाव सांगतात. सांजेला धुऱ्यावरून एका म्हातारीशी भांडण होतं. ती बहुधा विधवा, एकटी राहणारी. भांडलेला माणूस धडधाकट, रात्री जेवून झोपतो. पहाटे पोट दुखतं म्हणून उठतो, पापण्या उचलत नाहीत, जीभ जड होते आणि उजाडेपर्यंत संपतो. अंगावर ना जखम, ना सूज. गाव म्हातारीच्या दाराकडे बघू लागतं.

गोष्टीतली ही लक्षणं फार नेमकी आहेत. मण्यार चावला की अगदी असंच होतं.

मण्यार रात्री फिरतो, उंदीर-पाली आणि दुसरे साप शोधत घरात शिरतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाचा धक्का लागला की चावतो. त्याचे दात इतके बारीक की पुष्कळदा झोपही मोडत नाही. घोणस चावला तर जागा सुजते, ठणकते. इथे तसं काहीच नाही. मण्यारचं विष मज्जातंतूंची टोकं निकामी करतं, त्यामुळे स्नायूंपर्यंत निरोपच पोचत नाही. आधी पापण्या मिटतात, मग गिळणं आणि बोलणं जातं, शेवटी श्वास. रोगी आतून शुद्धीवर असू शकतो, पण सांगू शकत नाही. वाचा बसली म्हणजे कोणी काही केलंच, असं घरच्यांना वाटतं ते यामुळे.

आणि भांडणं? ती तर गावात रोजच होतात. ज्यांच्यानंतर कोणी मेलं नाही, ती कोणाच्याच लक्षात राहत नाहीत.

मे 2024 मध्ये गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाड्यात जादूटोण्याच्या संशयावरून एक बाई आणि एक पुरुष जिवंत जाळले गेले. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात सहा महिने ते सात वर्षं कैद आहे. कायदा हवाच, पण तो मृत्यूचं कारण सांगत नाही. ते गावाला आधीच ठाऊक असायला हवं.

पावसाळ्यात खाटेवर झोपावं, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी. रात्री अचानक पोटदुखी, उलटी आणि जड पापण्या दिसल्या तर दंशाची खूण शोधत बसू नये, मांत्रिकाकडेही नेऊ नये. प्रतिविष लवकर मिळालं तरच नीट चालतं. तंतूंची टोकं एकदा निकामी झाली की ती पुन्हा वाढेपर्यंत रोग्याला कृत्रिम श्वासावर ठेवावं लागतं, कधी कधी कित्येक दिवस. व्हेंटिलेटर असलेल्या दवाखान्यात तो वेळेत पोचला, तर बहुतेकदा पूर्ण बरा होऊन घरी येतो.