पिंग होतंय, मग डाउनलोड का अडकतंय?

कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हर रूममध्ये ओपनस्टॅकसारखं सॉफ्टवेअर टाकून जो क्लाउड उभा करतात त्याला प्रायव्हेट क्लाउड म्हणतात. ओपनस्टॅक 2010 मध्ये नासा आणि रॅकस्पेसने मिळून सुरू केलं, जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतही तेच चालतं. त्यात नेटवर्कचा भाग सांभाळतो तो न्यूट्रॉन. राउटर, स्विच, सगळं सॉफ्टवेअरमध्येच, हाताने धरून ओढता येईल अशी वायर नाही, म्हणून बिघाड शोधताना नवीन माणूस गांगरतो. पण पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारा डेटाचा एक तुकडा, कुठून निघालं आणि कुठे थांबलं हा प्रश्न इथेही तसाच विचारायचा असतो.

माझ्या समोर आलेली एक केस सांगतो. व्हर्च्युअल मशीन (क्लाउडमधला सॉफ्टवेअरने बनवलेला संगणक) सुरू झालं, आयपी म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता मिळाला, पिंग होतंय (छोटं पॅकेट पाठवून उत्तर येतं का बघायचं, ते पिंग), मशीनवरून फाइल डाउनलोड पण होतायत. त्याच मशीनमध्ये डॉकरचा कंटेनर (मशीनच्या आत वेगळा कप्पा करून चालवलेला प्रोग्रॅम) चालवला तर कंटेनरमधूनही पिंग होतंय, छोटी वेब पेजेस येतायत, पण मोठी फाइल मागवली की कनेक्शन जुळतं आणि मग नुसतं लटकून राहतं, एरर नाही काही नाही. सिक्युरिटी ग्रुप (मशीनचे फायरवॉल नियम) तपासले, डीएनएस (नावावरून आयपी शोधणारी यंत्रणा) तपासलं, राउटर डिलीट करून परत बनवला, दोन दिवस त्यातच गेले.

कारण होतं एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार. इथरनेटवर तो साधारण 1500 बाइट असतो. आता एकाच केबलवरून वेगवेगळ्या टीमची नेटवर्कं एकमेकांना न दिसता चालवायची तर पूर्वी व्हीलॅन वापरायचे, पण त्यात जेमतेम 4094 नेटवर्कं बसतात, म्हणून व्हीएक्सलॅन आलं ज्यात 1 कोटी 67 लाखांहून जास्त बसतात. व्हीएक्सलॅन काय करतं तर तुमचं अख्खं पॅकेट दुसऱ्या पॅकेटमध्ये घालून पाठवतं, आणि या गुंडाळण्यात 50 बाइट हेडरमध्ये, म्हणजे पॅकेटच्या पुढे लागणाऱ्या पत्त्यासारख्या माहितीत, जातात (आयपीचे 20, यूडीपीचे 8, व्हीएक्सलॅनचे 8, आतल्या इथरनेटचे 14). म्हणजे आत उरले 1450.

रेल्वेच्या पुलाखाली उंचीचा लोखंडी आडवा बार असतो ना, तसं समजा. स्कूटर आरामात जाते आणि परत येते, पण तो बार आता थोडा खाली आलाय हे ज्याला माहीत नाही तो टेम्पोवाला पूर्वीइतकाच माल भरून येतो आणि अडकतो. लिनक्सचं साधं पिंग 84 बाइटचं असतं, ती आपली स्कूटर. ती गेली म्हणून रस्ता मोकळा आहे असं आपण धरून चालतो, आणि माझ्या मते या कामात सगळ्यात जास्त वेळ याच समजुतीमुळे जातो.

न्यूट्रॉन मशीनला डीएचसीपीतून (सुरू होताना मशीनला आयपी वगैरे देणारी यंत्रणा) 1450 हा आकडा सांगतो, म्हणून मशीन ठीक चाललं होतं. डॉकरला हे कोणी सांगत नाही, तो आपला 1500 धरून बसतो. मग कंटेनर बाहेरच्या सर्व्हरला सांगतो की मोठी पॅकेटं पाठव, सर्व्हर पाठवतो, आणि ती क्लाउडच्या राउटरशी येऊन थांबतात. नियम असा की राउटरने अशा वेळी आयसीएमपीने, म्हणजे पिंगही ज्यावर चालतं त्याच प्रोटोकॉलने, पाठवणाऱ्याला उलटा निरोप द्यायचा, "एवढं मोठं जाणार नाही, 1450 चं पाठव". राउटर देत पण होता! टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं साधन) लावल्यावर स्वच्छ दिसलं, मोठं पॅकेट येतंय, निरोप जातोय, तेच पॅकेट पुन्हा येतंय. पुढच्या फायरवॉलवर सुरक्षेसाठी म्हणून पिंग तेवढं चालू ठेवून बाकी आयसीएमपी बंद केलेलं, निरोप तिथेच मरत होता.

तुम्हाला असं लटकलेलं कनेक्शन दिसलं तर कंटेनरमधून हे करून बघा, पिंगला "तुकडे करू नको" सांगायचं आणि आकार वाढवत न्यायचा:

ping -M do -s 1422 <बाहेरच्या सर्व्हरचा पत्ता>

1422 मध्ये हेडरचे 28 मिळवले की बरोबर 1450. आमच्याकडे 1422 गेलं आणि 1423 ला लगेच नकार आला, तिथेच सगळं उलगडलं.

उपाय दोन केले. डॉकरच्या सेटिंगमध्ये एमटीयू 1450 लिहिला आणि फायरवॉलवाल्यांना तो एक निरोप सोडायला लावला. खरं तर खालच्या सगळ्या फिजिकल स्विचवर एमटीयू 1550 किंवा सरळ 9000 करून वर 1500 देणं मला जास्त आवडतं, कारण मग वरच्या कोणालाच काही माहीत असावं लागत नाही, पण त्यासाठी वाटेतल्या एकूण एक स्विचचं सेटिंग बदलावं लागतं, एखादा राहिला की हाच आजार परत.

आणि एक, डॉकरचं ते सेटिंग फक्त त्याच्या डिफॉल्ट ब्रिजला, म्हणजे डॉकर आपोआप बनवतो त्या नेटवर्कला लागतं. कंपोजने (अनेक कंटेनर एकत्र चालवणारं डॉकरचंच साधन) बनवलेल्या नेटवर्कला एमटीयू वेगळा द्यावा लागतो, आमचे दोन कंटेनर त्यामुळेच दुसऱ्या दिवशीही अडकलेले होते.