नकोसं टपाल कमी करणं

पत्रपेटीत न मागता येऊन पडणारी जाहिरातपत्रकं, कॅटलॉग, क्रेडिट कार्डाच्या ऑफर, देणगीची आवाहनं, आणि त्या घरात आधी राहून गेलेल्यांच्या नावाची पाकिटं, हे सगळं मिळून नकोसं टपाल, बोलताना जंक मेल. ते कमी करणं म्हणजे आलेलं रद्दीत घालणं नव्हे, ते यायचंच बंद करणं. न उघडता फेकलेलं पाकीट पाठवणाऱ्याच्या हिशोबात पोचलेलंच असतं, आपलं नाव त्याच्या यादीत जसंच्या तसं राहतं आणि पुढच्या खेपेला पाकीट पुन्हा हजर. म्हणून हात घालायचा तो यादीला.

आधी बघायचं की पाकिटावर नाव आहे का. नाव नसलेली पत्रकं सगळ्या गल्लीत सरसकट वाटली जातात, तिथे यादी नसतेच, त्यामुळे ती दारावरच अडवावी लागतात. नाव असलेलं टपाल मात्र कुठून तरी आपला पत्ता गेला म्हणून येतं. एकदा कॅटलॉगमधून काही मागवलं, मासिकाची वर्गणी भरली, लकी ड्रॉची चिठ्ठी टाकली, वॉरंटी कार्ड भरून पाठवलं की पत्ता यादीत जातो आणि त्या याद्या भाड्याने दिल्या जातात, विकल्या जातात, त्यांचे दलालही असतात. कोणी दिला हे शोधायची एक जुनी युक्ती आहे: प्रत्येक ठिकाणी नाव देताना मधलं आद्याक्षर वेगळं द्यायचं, मग अनोळखी कंपनीचं पाकीट त्याच अक्षराने आलं की समजतं.

कॅटलॉग थांबवायचा तर तो उलटा करून मागचं पान बघा. पत्त्याच्या आसपास, बऱ्याचदा रंगीत चौकटीत, ग्राहक क्रमांक आणि एक बारीक कोड छापलेला असतो, कंपनीला फोन करताना ते पान समोर ठेवायचं आणि नाव लेबलवर आहे तसंच सांगायचं, चुकीचं असेल तर चुकीचंच. कारण एकाच माणसाच्या तीन स्पेलिंगच्या तीन नोंदी असू शकतात आणि एक काढली तरी बाकीच्या दोन चालूच राहतात, मग लोकांना वाटतं आपलं कोणी ऐकलंच नाही. शिवाय पुढचे एक-दोन अंक आधीच छापून, लेबलं लावून तयार असतात, त्यामुळे दोन-तीन महिने धीर धरावा लागतो. बहुतेक लोक नेमके याच काळात कंटाळून सोडून देतात, आणि याचं फार वाईट वाटतं कारण काम जवळपास झालेलं असतं.

नको ते टपाल नाकारायचा घरात राहणाऱ्याचा हक्क कोर्टाने मान्य केलेला आहे. असं टपाल थांबवायची सोय देणाऱ्या अमेरिकेतल्या १९६७ च्या कायद्याविरुद्ध टपालाने जाहिरात करणारे कोर्टात गेले तेव्हा १९७० साली रोवन खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पाठवणाऱ्याचा हक्क घेणाऱ्याच्या उंबरठ्याशी संपतो. त्याच कायद्यावरून तिथल्या पोस्टात एखाद्या कंपनीचं टपाल थांबवायचा फॉर्म १५०० मिळतो, मूळ हेतू अश्लील जाहिराती रोखायचा होता, पण काय आक्षेपार्ह हे ठरवणारा फक्त ज्याच्या नावाने टपाल येतं तो माणूस. एकेका कंपनीसाठी वेगळा फॉर्म भरणं कोणाला जमणार, म्हणून टपाल नको असलेल्यांची एक सामायिक यादी लागते. जाहिरातदारांच्या संघटनेने अशी यादी १९७१ मध्ये सुरू केली, आज ती डीएमएचॉइस नावाने चालते, थोडी फी भरून १० वर्षांची नोंद होते, पण ती न वापरणाऱ्या कंपन्यांचं टपाल येतच राहतं. क्रेडिट कार्डाच्या ऑफरसाठी तिथे वेगळी सोय आहे: फोनवर किंवा ऑनलाइन सांगितलं तर ५ वर्षांसाठी बंद, कायमचं हवं तर फॉर्म सही करून टपालाने पाठवायला लागतो. ही ऑफर मात्र न फाडता टाकू नये, आपल्या नावाने दुसऱ्या कोणी कार्ड काढायचा धोका असतो.

युरोपात जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे, त्यात जाहिरातीसाठी आपली माहिती वापरायला नाही म्हणता येतं आणि कंपनीला ते ऐकावंच लागतं, कारण द्यायची गरज नाही.

बिननावी पत्रकांसाठी पेटीवर स्टिकर लावतात. जर्मनीत सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच निकाल दिला की जाहिरात नको असं लिहिलं असेल तर टाकता येणार नाही. फ्रान्समध्ये स्टॉप पब हा स्टिकर २००४ पासून आहे. ब्रिटनमध्ये स्टिकरवर भागत नाही, रॉयल मेलचा पोस्टमन वाटतो ती पत्रकं थांबवायला फॉर्म भरावा लागतो आणि दोन वर्षांनी परत भरावा लागतो. सगळ्यात पुढे गेलं ॲमस्टरडॅम: १ जानेवारी २०१८ पासून तिथे हो असा स्टिकर असेल तरच पत्रक टाकायचं, स्टिकर नाही म्हणजे नको. छापणारे कोर्टात गेले पण २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने शहराचं म्हणणं मान्य केलं. हीच पद्धत योग्य, कारण ज्याला हवंय त्याने मागावं, नको असलेल्याने का धडपडावं.

बँकेची स्टेटमेंटं, बिलं ईमेलवर घेता येतात. पण घरात ज्येष्ठ माणसं असतील आणि ती कागद बघूनच व्यवहार करत असतील तर त्यांना विचारल्याशिवाय ते बंद करू नये, त्यांचं ते नकोसं टपाल नाहीच.

आधीच्या भाडेकरूचं साधं पत्र 'इथे राहत नाहीत' असं लिहून परत पोस्टात देता येतं. अमेरिकेत घाऊक दराचं जाहिरातीचं टपाल मात्र असं परत जात नाही, पाकिटावर परत पाठवण्याची सूचना छापलेली नसेल तर पोस्टच त्याची विल्हेवाट लावतं, म्हणून तिथे कंपनीलाच कळवायचं.

गेलेल्या माणसाच्या नावाने येणारं टपाल घरच्यांच्या मनाला सगळ्यात जास्त लागतं. मृत व्यक्तींची नावं काढून टाकण्यासाठी अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये वेगळ्या याद्या आहेत, घरच्यांपैकी कोणीही नाव नोंदवू शकतं. त्यांच्या नावाची सगळी पाकिटं लगेच टाकू नका, प्रत्येक वेगळ्या स्पेलिंगचं एकेक ठेवा, नोंदवताना नाव तसंच लिहावं लागेल.