खोडावर चढणारा पक्षी कसा ओळखाल?
(दुर्बीण घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

गौताळा किंवा येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यातून आलेले ग्राहक उत्साहानं सांगतात, "सुतार पाहिला!" कोणता, असं विचारलं की उत्तर येतं, "तुरेवाला." आपल्याकडे हुदहुदलाही सुतारच म्हणतात. तो जमिनीवर चोच खुपसत किडे शोधतो आणि पंख्यासारखा तुरा उघडतो. खोडावर चढणं हे त्याचं काम नाही, म्हणून त्याला आधी बाजूला काढा.

रंगाआधी चाल बघा. खरा सुतार डोकं वर ठेवून, ताठ शेपटी खोडाला टेकवून टुणटुण वर चढतो. त्याची दोन बोटं पुढे आणि दोन मागे असतात, त्यामुळे उभ्या खोडावर पकड पक्की बसते. डोकं खाली करून सरसर उतरणारा, चिमणीहून लहान, निळसर राखाडी पाठीचा आणि विटकरी पोटाचा पक्षी दिसला तर तो शिलींध्री. त्याला शेपटीचा टेकू लागत नाही.

आता सोनेरी पाठ. बहुतेकांची गफलत इथंच होते. गळा काळा, त्यावर पांढरे ठिपके आणि कंबरही काळी असेल तर तो सोनपाठी सुतार. मानेपासून पाठीपर्यंत पांढरा पट्टा उतरलेला असेल तर तो पांढऱ्या पाठीचा सुतार. त्याच्या मादीचा तुरा पिवळा असतो, तर सोनपाठीच्या मादीचा मागून लाल आणि कपाळाकडे काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा. म्हणून तुरा बघून थांबू नका, गळा आणि पाठ दोन्ही बघा.

मराठा सुतार लहान, सुमारे 18 सेंमीचा. अंगावर काळे-पांढरे ठिपके, कपाळ पिवळं, पोटाखाली लाल डाग. नराच्या टाळूमागे लाल रंग असतो, मादीच्या नसतो. बाभळीच्या विरळ रानातही तो दिसतो.

दुर्बीण 8×42 (8 पट मोठं दाखवणारी, 42 मिमी व्यासाच्या पुढच्या भिंगाची) घ्या, असं आम्ही आग्रहानं सांगतो. 10 पटीच्या दुर्बिणीत हाताचा कंप जास्त जाणवतो, आणि सुतार तर सारखा खोडाआड जातो. फेब्रुवारीनंतर साग, सालई निष्पर्ण झाली की तो शोधणं सोपं. पण हेच त्याचे विणीचेही दिवस असतात. ढोलीत ये-जा दिसली तर लांबूनच बघा आणि मोबाइलवर त्याचा आवाज कृपया वाजवू नका.

ओळख पटली नाही तर पुसट फोटोही दुकानात घेऊन या, सोबत बसून बघू.