बिडाचा रंधा तुटला तर पितळेने जोडावा

बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, रंधा बेंचवरून शहाबादी फरशीवर पडला तर तो बहुतेक वेळा एकाच ठिकाणी तुटतो: पात्याच्या तोंडापाशी. तळ तिथे आरपार कापलेला असतो आणि पुढचा-मागचा भाग दोन्ही बाजूंच्या पातळ भिंतींनीच धरून ठेवलेला असतो. एका भिंतीला तडा गेला की रंधा लाकडावर थरथरतो, पाते अडकते आणि मालक तो भंगारात टाकतो. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या भंगाराच्या दुकानांत असे रंधे, शेगडे (काम करताना वस्तू घट्ट पकडणारे व्हाइस) आणि कडबा कटरची चाके पडलेली दिसतात. त्यांतले निम्मेअधिक दुरुस्त होण्यासारखे असतात, असे माझे ठाम मत आहे. मात्र बिडाच्या आत काय असते ते दुरुस्ती करणाऱ्याला ठाऊक हवे.

तुटलेली कड उजेडात धरून बघा. पोलाद तुटण्याआधी वाकते, ओढले जाते. बीड वाकत नाही. त्याची कड करडी, खरखरीत असते आणि तिच्यावर बोट घासले तर काळसर डाग लागतो. तो डाग ग्राफाइटचा, म्हणजे पेन्सिलीत असते त्याच पदार्थाचा. बिडात वजनाने सुमारे 3 ते 4 टक्के कार्बन आणि 1 ते 3 टक्के सिलिकॉन असते. शुद्ध लोखंड 1538 अंश सेल्सिअसला वितळते, तर बीड 1150 ते 1200 अंशांच्या आसपासच पातळ होऊन साच्याच्या कानाकोपऱ्यात शिरते. ते सावकाश गोठताना सिलिकॉनच्या प्रभावाने बराचसा कार्बन ग्राफाइट होऊन वेगळा पडतो आणि त्याचे पोह्यांसारखे चपटे, वाकडेतिकडे तुकडे सगळ्या धातूत पसरतात. ग्राफाइट लोखंडाच्या मानाने फार हलके असल्याने वजनात तीन टक्के असले तरी आकारमानात ते दहा टक्क्यांच्या घरात जाते.

या चपट्या तुकड्यांना स्वतःची ताकद जवळपास नसते. धातूच्या दृष्टीने त्या आधीपासूनच असलेल्या असंख्य बारीक भेगा. 1913 साली इंग्लिस नावाच्या इंग्रज अभियंत्याने गणिताने दाखवले की भेगेचे टोक जितके अणकुचीदार, तितका तिथे ताण अनेक पटींनी वाढतो. म्हणून ओढले किंवा आपटले की बीड तटकन तुटते. दाबले तर मात्र भेगा मिटतात. साध्या करड्या बिडाची दाब सोसण्याची ताकद ओढ सोसण्याच्या ताकदीच्या तीन-चार पट असते. शिवाय हेच ग्राफाइट कंपने गिळते. लेथचा बेड आणि शेगडा बिडाचा करतात त्याचे हे एक मोठे कारण. रंध्याला लाकडावर जो ठामपणा येतो, त्यातही ग्राफाइटचा वाटा आहे. एका पडण्यात रंधा मोडणारा आणि वर्षानुवर्षे त्याला नीट चालवणारा पदार्थ एकच आहे.

हे या भागात सांगायला मला विशेष आनंद होतो, कारण बीड इथल्या मातीत रुजलेले आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात सायकलचे दुकान काढले, पुढे कडबा कटर आणि लोखंडी नांगर बनवले आणि 1910 साली कारखाना औंध संस्थानात, आजच्या किर्लोस्करवाडीला नेला. आजही बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे परिसरात फाउंड्र्या, म्हणजे ओतकामाचे कारखाने, चालतात. ओतकाम जाणणारी इतकी माणसे आसपास असताना एक तडा गेलेला रंधा फुकट जाऊ नये.

आता दुरुस्ती. वेल्डिंगच्या दुकानात गेलात की पहिला प्रस्ताव हमखास येतो: “टाका मारून देतो की मालक, दोन मिनिटांत होतंय बघा.” साधी वेल्डिंगची कांडी मारू देऊ नका. वेल्डिंगच्या विजेच्या ठिणगीखाली बीड वितळते, त्यातला कार्बन कांडीच्या पोलादात मिसळतो आणि टाका कडक होतो. टाक्याशेजारची अरुंद पट्टी तापून लगेच गार होते. तिथल्या कार्बनला ग्राफाइट म्हणून वेगळे व्हायला वेळच मिळत नाही. त्याचे लोखंडाशी संयुग होते, म्हणजे सिमेंटाइट, आणि ते काचेइतके ठिसूळ असते. वर टाका आकसताना शेजारच्या धातूला ओढतो, आणि ओढ सोसणे हेच तर बिडाला जमत नाही. टाका शाबूत राहतो आणि त्याच्या कडेने नवा तडा जातो. कित्येकदा गार होतानाच ‘टक्’ असा आवाज येतो. वेल्डरचा हात कितीही चांगला असला तरी हे चुकत नाही.

म्हणून बीड वितळूच द्यायचे नाही. पितळेची कांडी सुमारे 900 अंशांना वाहते. म्हणजे बीड घनच राहते आणि पातळ झालेले पितळ त्याच्या स्वच्छ पृष्ठभागाला चिकटते. नीट चिकटलेला पितळी जोड करड्या बिडाच्या ताकदीला पुरून उरतो, आणि पितळ थोडे लवचीक असल्याने आकसण्याचा ताणही स्वतःवर घेते. गॅस वेल्डिंगवाल्याकडे हे काम दहा-पंधरा मिनिटांचे असते. त्याआधीची आणि नंतरची मेहनत मात्र आपली, आणि जोड टिकणार की नाही ते तिथेच ठरते.

आधी तडा कुठे संपतो ते शोधायचे. कड पुसून रॉकेल लावा, थोड्या वेळाने पुसून टाका आणि खडू घासा. तड्यात मुरलेले रॉकेल खडूवर ओली रेघ काढते. तडा भिंतीत मध्येच थांबला असेल तर त्या टोकाला 3 मिमीचे छिद्र पाडा. अणकुचीदार टोकाऐवजी गोल कड आली की ताण जेमतेम तिप्पट होतो आणि तडा पुढे सरकत नाही. ड्रिलमधून काळपट भुकटी पडली तर वस्तू बिडाचीच. लांब वळणदार शेव निघाली तर ती पोलादाची, आणि मग इथले बरेचसे नियम लागू नाहीत.

जुन्या रंध्याच्या ग्राफाइटच्या फटींत तेल मुरलेले असते. तो मंद आचेवर गरम केला की तेल घाम आल्यासारखे वर येते. ते पुसायचे, पुन्हा तापवायचे, घाम येईनासा होईपर्यंत. एम-सील किंवा अॅरल्डाइट लावलेले जोड काही दिवसांत सुटतात, त्यामागेही बहुधा हेच तेल असते. मग तड्यावर इंग्रजी व्हीसारखी खाच काढायची, शक्यतो कानशीने. ग्राइंडर ग्राफाइट सगळीकडे फासतो आणि फासलेल्या ग्राफाइटला पितळ चिकटत नाही. ग्राइंडर वापरलाच तर शेवटचा हात कानशीचा हवा.

रंध्याचा तळ जाड लोखंडी अँगलवर क्लॅम्पने घट्ट बांधूनच दुकानात न्या, नाहीतर तो वाकडा होऊन परत येईल. वेल्डरला दोन गोष्टी सांगा. पहिली: टाकणखार लावण्याआधी फक्त जोडच नव्हे, सगळी बॉडी हळूहळू तापवा. दुसरी: पांढरा धूर दिसला की ज्योत कमी करा. पितळातले जस्त 907 अंशांना उकळते. तो धूर छातीत गेला की रात्री ताप येतो, म्हणून हे काम उघड्यावरच करावे. एसी-फ्रिजवाले तांब्याला वापरतात ती फॉस्फरसवाली कांडी इथे नको. फॉस्फरस लोखंडाबरोबर ठिसूळ थर बनवतो.

जोड झाल्यावर पाणी, ओले फडके, पंखा काहीही नको. पितळेनेही शेजारचे बीड इतके तापलेले असते की भराभर गार झाले तर तेही कडक होऊन चिरते. अँगलसकट रंधा चुलीच्या कोरड्या राखेत पुरून रात्रभर ठेवा.

शेगड्याचा जबडा जाड असतो आणि त्यासाठी निकेलची कांडी चालते. निकेल कार्बनशी कडक संयुग करत नाही, त्यामुळे टाका मऊ राहतो आणि कानशीला लागतो. इंचभर टाका मारायचा, गरम असतानाच हलके ठोकायचा आणि हात लावता येईपर्यंत थांबून पुढचा मारायचा. कांडी महाग आहे, पण दर्जेदार शेगड्यासाठी परवडते. मात्र जोडलेल्या शेगड्यावर घण मारू नये. चेन-पुलीचा हूक, दात तुटलेले कडबा कटरचे चाक, जिथे तुटणे म्हणजे जीवाशी गाठ, तिथे दुरुस्ती नकोच, नवा भाग घ्यावा.

दुसऱ्या दिवशी रंधा राखेतून काढून जोड कानशीने तळाच्या पातळीला आणा. मग जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवून तळ घासा, आधी 120 नंबरचा, नंतर 220चा. तळावर पेन्सिलीच्या आडव्या रेघा काढून ठेवा. पुढचे टोक, तोंडाची कड आणि मागचे टोक इथल्या रेघा पुसल्या गेल्या की पुरे. मधे एखादी रेघ उरली तरी रंधा सरळच चालतो.