इन्सर्ट घेण्याआधी चिमणीत डोकवा

न्यू जर्सीतल्या जुन्या घरांत दिवाणखान्याच्या भिंतीत विटांची शेकोटी हमखास दिसते. घर बघायला आलेल्या माणसाला तिची भुरळ पडते, पण पहिल्या थंडीत ती पेटवली की समोर बसलेल्याचे गुडघे भाजतात आणि मागच्या खोल्या आधीपेक्षा गार पडतात. हा भास नाही. उघडी शेकोटी मिनिटाला ३०० घनफुटांपर्यंत हवा घरातून ओढून चिमणीवाटे बाहेर फेकू शकते. १२ बाय १२ ची, ९ फूट उंचीची खोली जेमतेम साडेचार मिनिटांत रिकामी होईल, असा हा वेग. बाहेर गेली तेवढीच गार हवा दारा-खिडक्यांच्या फटींतून आत येते. म्हणजे शेकोटी फर्नेसच्या, म्हणजे सगळं घर तापवणाऱ्या यंत्राच्या, गॅसचं बिल वाढवते.

यावरचा उपाय म्हणजे इन्सर्ट. त्याच कोनाड्यात बसणारी, काचेचं दार असलेली पोलादी किंवा बिडाची पेटी. दुकानात सगळं लक्ष या पेटीकडे जातं. खरं काम मात्र तिच्या वर, विटांच्या आत दडलेलं असतं.

आधी जळण्याबद्दल थोडं. कोरडं लाकूड तापलं की त्याच्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग वायुरूप होतो. ज्वाळा दिसते ती या वायूंची. उरतो तो कोळसा. धूर म्हणजे पेटायचं राहून गेलेलं इंधन. चुलीवर आपण फुंकणीने हवा घालतो, तेच काम इन्सर्टमध्ये छताजवळच्या भोकं पाडलेल्या नळ्या करतात. त्यांतून आलेली तापलेली हवा धुरात मिसळते आणि साधारण ६०० अंश सेल्सिअसला तो धूरच पेट घेतो. दुसऱ्या प्रकारात प्लॅटिनम किंवा पॅलेडियमचा लेप दिलेली जाळी असते. तिच्यामुळे हेच काम २६० अंशांच्या आसपास सुरू होतं, म्हणून मंद आच रात्रभर टिकते. पण रंग दिलेलं लाकूड किंवा चकचकीत छापील कागद जाळला तर ही जाळी निकामी होते, आणि काही वर्षांनी ती बदलावी लागतेच. रोज संध्याकाळी दोन-तीन तास पेटवणाऱ्याला नळ्यांचा साधा प्रकार पुरतो.

मे २०२० पासून अमेरिकेत लाकूड जाळणाऱ्या नव्या स्टोव्हमधून, म्हणजे इन्सर्टमधूनही, तासाला २ ग्रॅमपेक्षा जास्त सूक्ष्म कण बाहेर पडता कामा नयेत. चाचणी नेहमीच्या सरपणावर केली असेल तर मर्यादा २.५ ग्रॅम. स्वस्तात मिळणारा जुना, प्रमाणपत्र नसलेला स्टोव्ह म्हणूनच नको. आकाराच्या बाबतीत हाव नडते. मोठी पेटी घेतली की खोली तापून नकोशी होते, मग हवेची झडप आवळली जाते, आग घुसमटते, काच काळी पडते आणि चिमणीत डांबरासारखा क्रिओसोट साचतो. लहान पेटी ढणढणत जाळलेली केव्हाही बरी.

आता चिमणी. सगळ्यात आधी कोनाडा खरा विटांचा आहे की पत्र्याचा, ते तपासा. कारखान्यात बनलेल्या पत्र्याच्या शेकोटीत आतल्या बाजूला माहितीची पट्टी असते. अशा शेकोटीसाठी मान्यता नसलेला इन्सर्ट तिच्यात बसवायचाच नाही, कारण मागे लाकडी सांगाडा असतो.

विटांच्या चिमणीची अडचण वेगळी, ती म्हणजे रुंदी. १३ बाय १३ इंचांच्या मार्गाचं क्षेत्रफळ १६९ चौरस इंच. इन्सर्टचा धूर ज्यातून वर जातो त्या ६ इंची गोल तोंडाचं जेमतेम २८. सहापट मोकळ्या जागेत शिरलेला धूर रेंगाळतो, गार होतो, ओढ मंदावते आणि क्रिओसोट भिंतींवर बसतो. अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेचं २११ क्रमांकाचं मानक सांगतं की चिमणीचा मार्ग तोंडाच्या तिप्पट क्षेत्रफळापेक्षा मोठा नसावा, आणि चिमणी घराबाहेरच्या भिंतीला असेल तर दुपटीपेक्षा. म्हणून इन्सर्टच्या तोंडापासून छतावरच्या टोपीपर्यंत ६ इंची स्टेनलेस स्टीलची लवचीक नळी, म्हणजे लायनर, सलग सोडावी लागते. नळीचा छोटा तुकडा चिमणीत नुसता खुपसून मोकळं होणारे कारागीर भेटतात. त्यांना नाही म्हणा. लायनरभोवती सिरॅमिक तंतूंचं आवरण गुंडाळलं की धूर गरम राहतो.

बसवण्याआधी चिमणी झाडून घेऊन आत कॅमेरा सोडून तपासणी करायची आणि गावाच्या बांधकाम कार्यालयाचा परवाना काढायचा. शेकोटीच्या वर चिमणीच्या तोंडाशी असलेली जुनी झडप कापून काढली की लायनरला वाट मिळते. त्या जागी लायनरभोवती पत्र्याची आडवी तबकडी घट्ट बसवून वर खनिज लोकर भरायची. ही तबकडी वगळली तर पेटीने तापवलेली हवा रिकाम्या चिमणीत चढत राहते. इन्सर्टसमोर न पेटणाऱ्या फरशीचा पट्टा हवा. बहुतेक उत्पादक १६ ते १८ इंच मागतात, पण अंतिम शब्द त्या मॉडेलच्या पुस्तिकेचा. चिमणीचं टोक ती छतातून जिथे बाहेर येते तिथून किमान ३ फूट वर, आणि १० फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याहून २ फूट वर हवं. पहिले दोन-तीन जाळ लहान ठेवा. रंग पक्का होताना वास सुटतो, खिडकी उघडी असू द्या.

आपल्या घरांतली एक खास गोम स्वयंपाकघरात असते. फोडणीचा ठसका बाहेर जावा म्हणून मिनिटाला ६०० घनफूट ओढणारा पंखा बसवलेला असतो. घर हवाबंद असेल तर तो चिमणीतून उलटी हवा खेचतो, आणि धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइडही दिवाणखान्यात उतरतो. बाहेरची हवा आत येण्याची सोय करा. तोवर निदान आग जळताना पंखा कमी वेगावर ठेवा आणि जवळची खिडकी किलकिली करा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तर हवाच.

लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली पाहिजे. तेवढ्या ओलाव्याचं एक किलो लाकूड सुमारे ४ युनिट (किलोवॉट-तास) उष्णता देतं. ४५ टक्के ओल असलेलं अडीचच. शिवाय वाफेने आग गार पडून धूर पेटतच नाही, हे नुकसान आणखी मोठं. ओलावा मोजायचं मीटर ढलपीच्या बाहेरून लावू नका. ढलपी फोडून ताज्या पृष्ठभागावर लावा. ओक सुकायला बहुधा दोन वर्षं घेतो, ॲश त्या मानाने लवकर सुकतो. एमराल्ड ॲश बोरर हा किडा न्यू जर्सीत २०१४ साली आढळला आणि तेव्हापासून ॲशची असंख्य झाडं वठली, त्यामुळे हे लाकूड जवळपास मिळतं. लांबून आणलेल्या ओंडक्यांतूनच असे किडे पसरतात, तेव्हा सरपण जवळचंच घ्या.

वर्षातून एकदा तपासणी. आत इंचाचा आठवा भाग काजळी दिसली की झाडून घ्यायची. साचलेला क्रिओसोट पेटला तर चिमणीतलं तापमान १,००० अंशांच्याही वर जाऊ शकतं. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत भरून घराबाहेर, लाकडी डेकपासून दूर ठेवायची. गावाकडे रात्री विस्तव राखेखाली झाकून ठेवत आणि सकाळी त्यावरच चूल पेटवत. इथल्या राखेतला निखाराही तसाच दोन-दोन दिवस जागा असतो.