फिजिओ की ओटी? पसंतीक्रम भरण्याआधी

नीटचा निकाल लागला की एमबीबीएस, बीडीएस, आयुर्वेद हे पर्याय संपतात आणि फिजिओथेरपी व ऑक्युपेशनल थेरपी (ओटी) ही दोन नावं एकाखाली एक येतात. सोलापुरात पहिलं सगळ्यांना ठाऊक असतं. दुसरं ‘फिजिओसारखंच काहीतरी’ म्हणून भरलं जातं, आणि पहिल्या वर्षी पोरगं वैतागतं.

फरक पेशंटपाशी दिसतो. समजा, विड्या वळणाऱ्या एका बाईंना पॅरालिसिस होऊन उजवी बाजू गेली आहे. फिजिओथेरपिस्ट पाहणार ते खांदा निखळतोय का, उठताना भार दोन्ही पायांवर येतोय का, चालताना पाऊल घासतंय का. त्यावरून ताकद, तोल आणि चाल यांचे व्यायाम ठरतात.

ओटीचा पहिला प्रश्न वेगळा असतो: उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय करत होता? भाकरी, अंघोळ, साडी, विड्या. मग एकेक काम सुटं करायचं. ब्लाउज घालताना लुळा हात आधी बाहीत आणि काढताना तोच शेवटी. पीठ मळताना परात फिरते, म्हणून खाली ओला टॉवेल. चमच्याची दांडी कापड गुंडाळून जाड करायची, कारण बारीक वस्तूवर कमजोर मूठ आवळत नाही. विडीचं मात्र अवघड. तिथे चिमटीची ताकद लागते आणि बोटांना स्पर्शही कळावा लागतो. स्पर्शच गेला असेल तर ताकद येऊनही पान हातातून सुटतं. मग नजरेने सांभाळायला शिकवायचं किंवा दुसरं काम शोधायचं, आणि हे घरच्यांना वेळेवर सांगणंही ओटीकडेच येतं.

हाताचे स्प्लिंट, म्हणजे हात योग्य स्थितीत धरून ठेवणारे साचे, बनवणं हाही ओटीचा मोठा भाग. प्लास्टिकचा पत्रा साधारण 70 अंशांच्या पाण्यात मऊ करून तो मनगटावर बसवायचा. हाती वेळ दोन-चार मिनिटांचा, आणि मनगट बहुधा 20 ते 30 अंश मागे वाकलेलं ठेवायचं. करंगळीकडच्या हाडावर जागा सोडायला विसरलात तर तिथे दाब येतो. म्हणून अर्ध्या तासाने काढून बघायचं. लाली लवकर जात नसेल तर पुन्हा गरम करून आकार द्यायचा. टोचणारा स्प्लिंट पेशंट कपाटात ठेवतो.

लहान मुलांकडे ओटीचा ओढा जास्त: ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, अक्षर न जमणं, शर्टाची बटणं. यंत्रमागावर बोटं सापडलेल्या कामगाराकडे मात्र दोघंही लागतात आणि कामाच्या सीमा पुसट होतात.

अभ्यास सुरुवातीला जवळपास सारखाच: शरीररचना, शरीरक्रिया, मग न्यूरो, ऑर्थो. ओटीत मानसोपचाराचा भाग जास्त, वॉर्डातली पोस्टिंगही धरून. ‘मनोरुग्णांपाशी बसणं नको’ असं वाटत असेल तर हा इशारा समजा. कोर्स आजवर इंटर्नशिपसह साडेचार वर्षांचा होता. अशा आरोग्य व्यवसायांसाठीच्या 2021च्या केंद्रीय कायद्यानंतर अभ्यासक्रम बदलू लागलेत, म्हणून यंदाची माहितीपुस्तिकाच प्रमाण माना. ओटीची कॉलेजं मोजकी. सरकारी आणि महापालिकेच्या जागा मुंबईत केईएम, सायन, नायर आणि नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अशा ठिकाणी. केईएममध्ये हे शिक्षण 1950 साली कमला निंबकरांनी सुरू केलं.

पोटापाण्याचं बोलू. कंबरदुखीचा पेशंट स्वतःहून फिजिओचा पत्ता विचारत येतो. ओटीकडे तो बहुधा बालरोगतज्ज्ञ किंवा न्यूरोच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीने येतो, म्हणून सोलापूरसारख्या शहरात पहिली दोन-तीन वर्षं डॉक्टरांना काम समजावण्यातच जातात. इथे तेलुगू आणि कन्नड बोलणारी घरंही भरपूर; कामांची यादी विचारायची तर दोन्ही भाषा थोड्या तरी याव्यात. परदेशाचं डोक्यात असेल तर कॉलेजला जागतिक ओटी महासंघाची मान्यता आहे का, ते आधीच बघा. अमेरिकेत या व्यवसायात शिरायला किमान मास्टर्स लागतं, हेही आई-वडिलांना प्रवेशाआधीच सांगा.

फॉर्म भरण्याआधी परवानगी काढून दोन्ही विभागांत दोन-दोन दिवस बसा. एकच बटण वीस वेळा लावून घेताना घड्याळाकडे लक्ष जात असेल, तर फिजिओ वर टाका.