निलगिरी तोडण्याआधी आम्हाला एक फोन करा

“गेल्या वर्षी तोडली, आता एकाची आठ झालीत!” आम्हाला येणारे बरेच फोन याच वाक्याने सुरू होतात. आम्ही निलगिरी पुन्हा फुटणार नाही अशी काढून देतो, म्हणून हे पत्रक.

निलगिरी नुसती कापून मरत नाही. तिच्या मूळ देशात, ऑस्ट्रेलियात, वणवे नेहमीचेच. त्यामुळे बऱ्याच जातींच्या बुंध्यात, जमिनीलगत, सुप्त डोळे असतात. वरचं झाड गेलं की ते जागे होतात आणि खुंटाभोवती केरसुणीसारखे धुमारे उभे राहतात. खाली मुळं आधीचीच, पोसलेली. मग वाढ भराभर होणारच.

चूक होते ती इथे. लोक आधी झाड पाडतात, लाकूड विकतात आणि खुंट फुटला की आम्हाला बोलावतात. ताज्या खुंटाची साल नखाने सोलून पाहा, लगेच खाली ओलसर, निसरडा थर लागेल. तणनाशक ब्रशने त्याच थरावर, करवत थांबल्यापासून काही मिनिटांत लावावं लागतं. कड सुकली की औषध आत शिरत नाही. मधल्या लाकडावर डबाभर ओतलंत तरी ते वाया जातं, वर पावसाने ओढ्यात जायची भीती. उशीर झालाच असेल तर खुंट आणखी खालून ताजा कापावा लागतो, म्हणजे तेच काम दोनदा. रसायन नकोच असेल तर बुंधा खणून काढतो. वेळ जास्त लागतो एवढंच.

“नुसतं तोडून द्या, पुढचं आम्ही बघू,” असं काम आम्ही घेत नाही. काहीजण रागावतात. पण आमच्या दरात पुढच्या दोन वर्षांच्या फेऱ्या धरलेल्या असतात, कारण चुकलेले धुमारे आणि बियांपासून आलेली रोपं नंतरच दिसतात. उतारावरची झाडंही आम्ही एकदम पाडत नाही. उघडी माती पहिल्या मोठ्या पावसात वाहून जाते.

निलगिरीने आटवलेलं पाणी कधी परत येईल, हेही सगळे विचारतात. दक्षिण आफ्रिकेत मोकोबुलान इथे १९६९ मध्ये प्रयोग म्हणून एका ओढ्याचं अख्खं पाणलोट क्षेत्र निलगिरीखाली आणलं. नवव्या वर्षी ओढा पूर्ण आटला. झाडं सोळा वर्षांची झाल्यावर तोडली, तरी ओढा पुन्हा बारमाही व्हायला पाच वर्षं गेली. खोलवर सुकलेली जमीन आधी स्वतः पाणी पिते. त्यामुळे पुढच्याच उन्हाळ्याचं वचन आम्ही देत नाही. दारातल्या एकट्या झाडाची गोष्ट वेगळी. तिथे आम्ही बऱ्याचदा “राहू द्या” म्हणतो.

नवी रोपं लावण्याआधी पाचोळा सारून कोरड्या मातीवर पेलाभर पाणी ओता. थेंब गोळे होऊन वरच बसले, तर रोपं इतक्यात लावू नका. माती मोकळी करून भिजवावी लागेल. तुमच्या भागातल्याच जातींची रोपं आमच्याकडे तयार असतात.

फोन करताना झाडं किती, उतार आहे का, आणि तोडली असतील तर नेमकी कधी, एवढं सांगा.